नावांचा हिशेब

(एका युवक संघटनेच्या संस्थापकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिबिराच्या दारात. १९८० च्या आसपासची गोष्ट. दिवाळीची सुट्टी, तालुक्याच्या शाळेचा व्हरांडा, एक टेबल, त्यावर लाल कापडी बांधणीची नोंदवही आणि पावतीपुस्तक. सरांनी नाव विचारलं. शाळेत सांगायची सवय होती तसं मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव एका दमात म्हणून टाकलं. सरांनी त्यातलं पहिलं तेवढं लिहिलं. मग गाव विचारलं, ते लिहिलं. शिबिराचे पंधरा रुपये घेतले, पावती फाडून दिली आणि म्हणाले, "आत जा, चहा घे."

माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलाला फिट येत असत. त्याच्या आईनं चिठ्ठी दिली होती : औषध कोणतं, किती वाजता द्यायचं, फिट आलीच तर काय करायचं. सरांनी ती वाचली आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. आठ दिवस रोज रात्री ते त्या मुलाला बाजूला नेऊन गोळी देत. आम्हाला वाटायचं, तो सरांच्या नात्यातला असावा. शेवटच्या दिवशी आम्ही एसटीत चढत होतो, तेव्हा सरांनी खिशातून ती चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. "ही तुझी आहे," एवढंच बोलले. तो मुलगा पुढे माझा जिवलग मित्र झाला. आपल्याला फिट येतात हे त्यानं मला चार वर्षांनी सांगितलं, स्वतःहून, त्याला सांगावंसं वाटलं तेव्हा. ती चार वर्षं त्याचं गुपित त्याच्या मालकीचं राहिलं, कारण एका माणसानं चिठ्ठी परत केली होती.

आजचा माझा विषय त्या चिठ्ठीतून निघतो. मुलं-मुली संघटनेत येतात तेव्हा दोन गोष्टी आपल्या हाती सोपवतात : वर्गणी आणि स्वतःची माहिती. वर्गणीचा हिशेब आपण पैपैचा ठेवतो. माहितीचा ठेवत नाही. तो ठेवायला हवा. आणि तो कसा ठेवायचा हे आपल्याला मुळात येतं, कारण पैशाच्या बाबतीत आपण तेच करत आलो आहोत, हे मला आज सांगायचं आहे.

गेल्या वर्षीच्या आपल्या शिबिराचा अर्ज मी मुद्दाम समोर घेऊन रकाने मोजले. एकवीस भरले. नाव, आडनाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, स्वतःचा मोबाइल, आईचा, वडिलांचा, वडिलांचा व्यवसाय, रक्तगट, आजार, ॲलर्जी, जात प्रवर्ग, आधार क्रमांक, फोटो... आणि आडनावापुढे लाल चांदणी. ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मित्रहो, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातल्या कितीतरी तरुणांनी जात सांगणारी आडनावं टाकून दिली होती. त्याच काळाच्या संस्कारातून आपल्या शिबिरात आडनावाशिवाय ओळख करून द्यायची रीत पडली आणि ती आजही आहे. म्हणजे संध्याकाळी गोल करून बसताना आपण म्हणतो, आडनाव सांगू नका. आणि त्याच मुलांकडून महिनाभर आधी ते सक्तीनं लिहून घेतलेलं असतं. रीत मोडायचा ठराव कार्यकारिणीत कधी झाला नव्हता. कुणीतरी घाईत तयार नमुना उचलला, त्यात ते रकाने होते, ते तसेच राहिले.

या निष्काळजीपणाची किंमत कोण मोजतं, हे मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका युवा गटाच्या शिबिराच्या तयारीत होतो. अर्ज ऑनलाइन घेतले होते. आलेल्या अर्जांचा तक्ता आपोआप तयार होत होता आणि त्याची लिंक आम्ही स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ज्याच्याकडे लिंक, त्याला तक्ता दिसेल, अशी ती व्यवस्था होती. गटातून ती आणखी कुठे गेली ते कळायला मार्ग नव्हता. अकरावीतल्या एका मुलीला रात्री-अपरात्री अनोळखी फोन येऊ लागले. तिचं नाव, गाव, कॉलेज, सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. तिनं धीर करून घरी सांगितलं. वडिलांनी तिचा फोन काढून घेतला. पुढच्या शिबिराला ती आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही.

यात कुलूप कुणी तोडलं नव्हतं. चोर बाहेरून आला नव्हता. आम्ही सगळे भले, कष्टाळू, पदरमोड करून काम करणारे लोक होतो, आणि आमच्या हातून एका मुलीच्या आयुष्यातलं एक दार बंद झालं. त्या लिंकवर मीही बोट ठेवलं होतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आता कायद्याकडे वळू. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यातून प्रश्न उभा राहिला, की खासगीपणा हा या देशात मूलभूत हक्क आहे का? २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमुखानं उत्तर दिलं : आहे, आणि तो जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या कलमात, अंगभूत आहे. मराठी माणसानं लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्या निकालात आहे. आणीबाणीत, १९७६ साली, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं नागरिकाला अटकेविरुद्ध दाद मागण्याचं दार बंद केलं होतं. त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात तो निकाल चुकीचा ठरवला गेला.

पुढचा टप्पा माहितीच्या संरक्षणाचा विचार करायला नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलं परिचित आहे. समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला आणि त्यात शब्दांची निवड फार विचारानं केली. युरोपच्या कायद्यात माहिती गोळा करणाऱ्याला नियंत्रक म्हणतात. श्रीकृष्ण समितीनं म्हटलं, तो नियंत्रक नव्हे, त्याचं नातं विश्वासाचं आहे. इंग्रजीत त्यांनी 'फिड्युशियरी' हा शब्द वापरला. आपल्याकडे त्यासाठी घरचा शब्द आहे : विश्वस्त. आणि ज्याची माहिती, तो या नात्यातला मुख्य, म्हणजे 'प्रिन्सिपल'. हीच भाषा ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यात व्यक्तीसाठी सर्वनाम 'ती' असं स्त्रीलिंगी वापरलं आहे. मी तो वाचत असताना प्रत्येक 'ती'पाशी मला ती अकरावीतली मुलगी दिसत होती.

विश्वस्त हा शब्द ऐकून या सभागृहातले निम्मे लोक सावरून बसले असतील, कारण तुम्ही विश्वस्त आहात. आपल्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातात, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज जातो. पावती, व्हाउचर, किर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आपल्या हाडीमाशी खिळलेले आहेत. शंभर रुपयांची देणगी पावतीशिवाय घेतली तर आपल्याला झोप लागत नाही. हीच सवय नावांना लावायची आहे. कशी, ते सांगतो.

पहिली पावती. माहिती घेताना द्यायची पावती म्हणजे चार ओळींचा मजकूर : काय घेतलं, कशासाठी घेतलं, किती दिवस ठेवणार, आणि चूक असेल किंवा काढून टाकायची असेल तर कुणाला सांगायचं. कायदा याला सूचना म्हणतो आणि ती साध्या भाषेत हवी म्हणतो. इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ती वाचायची सोय हवी. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा गडचिरोलीच्या मुलाला इंग्रजीतलं कलमबाज पान दाखवून 'मान्य' वर बोट ठेवायला लावणं ही पावती नव्हे.

दुसरा राखीव निधी. इमारत निधीत आलेले पैसे आपण शिबिराच्या किराण्याला वापरत नाही. कितीही नड असली तरी नाही. माहितीचंही तसंच आहे. शिबिरासाठी दिलेला मोबाइल क्रमांक हा शिबिराचा राखीव निधी आहे. तो क्लासवाल्याला देता येत नाही. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या आपल्या हितचिंतकालाही देता येत नाही, तो माणूस कितीही चांगला असला तरी. कायद्यानं यासाठी एक उदाहरणच दिलं आहे : डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप फोनमधल्या संपर्कांच्या यादीलाही परवानगी मागतं आणि माणूस 'हो' म्हणतो. तरीही ती परवानगी उपचारापुरतीच धरली जाईल, कारण उपचाराला संपर्कांची यादी लागत नाही. याच न्यायानं आपल्या एकवीस रकान्यांना एकेक करून विचारा, तू कशाला लागतोस? वडिलांचा व्यवसाय कशाला? आधार कशाला? वय पाहायचं असेल तर कागद पाहावा आणि हातोहात परत द्यावा. झेरॉक्सचा गठ्ठा ठेवायचं काही कारण नाही.

तिसरी गोष्ट सह्यांची. बँकेचं खातं आपण दोघांच्या सहीनं चालवतो. मग मुलांच्या माहितीचा तक्ता तीस जणांच्या फोनवर का? दोन माणसं नेमा, त्यांची नावं ठरावात लिहा. भोजन विभागाला संख्या आणि पथ्यं द्या, नावं नकोत. बसवाल्याला चढण्याची ठिकाणं द्या. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं.

चौथी गोष्ट आपल्याला सर्वांत जड जाते. काम संपलं की माहिती काढून टाकायची. आपल्याला जपून ठेवण्याची आवड आहे, 'असू दे, लागेल कधीतरी' हा आपला स्वभाव आहे. पण काम संपल्यावर उरलेली आजारांची यादी म्हणजे कुणाची तरी परत न केलेली ठेव आहे. कायदाही सांगतो, की उद्देश संपला किंवा संमती मागे घेतली की माहिती पुसायची. दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं असेल तेवढीच ठेवायची. वर्गणीची पावती राहील, फिटची चिठ्ठी राहणार नाही.

पाचवा हिशेब तपासनीस. वार्षिक सभेत ताळेबंद वाचतो तसं हेही वाचावं : यंदा किती जणांची माहिती घेतली, काय घेतलं, काय पुसलं, काय अजून आहे आणि का आहे. काही फुटलं असेल तर तेही त्याच सभेत सांगावं, आणि सभेच्या आधी ज्यांची माहिती फुटली त्यांना घरी जाऊन सांगावं. नवा कायदा तर माहिती फुटली की माहिती संरक्षण मंडळाला आणि बाधित झालेल्या प्रत्येक व्यक्तीला कळवणं बंधनकारक करतो. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे, मुलांबाबतच्या बंधनांत कसूर झाली तर दोनशे कोटींपर्यंत. पण मी आज दंडाची भीती घालायला आलो नाही.

एक बारकावा मात्र सांगतो. हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. सरांची लाल वही त्यात येत नाही. पण त्या वहीच्या पानाचा फोटो काढून गटावर टाकला, की ती माहिती कायद्याच्या कक्षेत आली. आपण हे दिवसातून चार वेळा करतो.

आणि जे अर्जही भरत नाहीत, आपल्या संकेतस्थळावर नुसते डोकावून जातात, त्यांचं काय? एखादी पंधरा वर्षांची मुलगी रात्री आपण लिहिलेलं पाळीविषयी वाचते, घरातल्या मारहाणीविषयी वाचते. तिनं नाव सांगितलेलं नाही. पण किती लोक आले ते मोजण्यासाठी आपण एका मोठ्या कंपनीचं फुकटचं मोजणीयंत्र तिथे बसवलेलं असतं. कोणत्या फोनवरून, कोणत्या जागेवरून, कोणतं पान किती वेळ पाहिलं, हे त्या कंपनीकडे जातं. फुकटच्या वस्तूची किंमत इथे त्या मुलीनं चुकवली. नवा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो. आपण कायद्याची वाट न पाहता ते यंत्र काढून टाकावं. आपल्या वार्षिक अहवालातला वाचकसंख्येचा आकडा गेला तरी चालेल.

जात-धर्माच्या रकान्याकडे मला पुन्हा यायचं आहे, कारण तिथे कार्यकर्ते मला सांगतात, "देणगीदार संस्था मागते. आपला हेतू तर चांगलाच आहे." हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे. नेदरलँड्समधल्या नगरपालिकांचाही होता. तिथे रहिवाशांची नोंद फार नेटकी ठेवली जाई आणि तीत धर्मही लिहिलेला असे. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि तीच नोंद ज्यूंना शोधून काढायला कामी आली. त्या देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश ज्यूंचा बळी गेला. २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲमस्टरडॅममधले काही चित्रकार, कलावंत आणि विद्यार्थी पोलिसांचे गणवेश घालून नोंदणी कचेरीत शिरले. त्यांच्यातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, बाहेर नेऊन ठेवलं, आणि मग त्यांनी कपाटं उघडून कार्डांची आग केली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी जाणूनबुजून सावकाश काम केलं आणि मग कार्डांवर भरपूर पाणी ओतलं. त्या जुलैत या गटातल्या बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. एक रकाना पुसण्यासाठी तरुण माणसांना जीव द्यावा लागला. लिहिणाऱ्या कारकुनाला तो लिहिताना यातलं काहीही दिसलं नव्हतं. आपल्यालाही उद्या आपलं कपाट कुणाच्या हाती पडेल ते दिसत नाही. म्हणून जो रकाना कामाला लागत नाही तो लिहूच नये.

आता एक अवघड जागा. कायद्यानं अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी म्हटलं आहे. शिबिराला पालकांची सही आपण पूर्वीपासून घेतो, ती घ्यावीच. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्याकडे कधी कधी नेमकं तेच घेऊन येते जे तिला घरी बोलता येत नाही. शिक्षण सोडवून लग्न ठरवलंय, हे. दुसऱ्या जातीतला मुलगा आवडतो, हे. इथे माझं मत स्पष्ट आहे. जे विश्वासानं कानात सांगितलं, ते तक्त्यात जाता कामा नये. ऐकणाऱ्या ताईनं ते ऐकावं, मदत करावी, आणि अहवालात 'समुपदेशन' असा नुसता आकडा लिहावा. याला एक मर्यादा आहे आणि ती मुलीला आधीच सांगायला हवी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते कळवायचंच. पण तेव्हाही तिची ओळख उघड होणार नाही हे पाहणं त्याच कर्तव्याचा भाग आहे. "कुणालाच सांगणार नाही" असं खोटं वचन देण्यापेक्षा "हे एक सोडून बाकी सगळं माझ्याजवळ राहील" हे खरं वचन मुलांना अधिक आधार देतं, हा माझा अनुभव आहे.

अनेक वर्षं मी एक वाक्य ऐकत आलो : "आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, आपल्यात कसली आलीय गुप्तता?" हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, म्हणून त्याला उत्तर देणं कठीण जातं. तरी देतो. आपल्याकडे येणारी कितीतरी मुलं घरात आपलं म्हणून एक खणही नसलेली असतात. एका खोलीत सहा माणसं, मुलीची वही भाऊ उघडतो, फोन वडील तपासतात. आपलं काही आपल्यापाशी ठेवता येतं, हा अनुभव त्यांना संघटनेत पहिल्यांदा यावा, असं मला वाटतं. पुढे ही मुलं तलाठी होतील, परिचारिका होतील, शिक्षक होतील, लोकांच्या नोंदी त्यांच्या हाती येतील. स्वतःची चिठ्ठी परत मिळालेला माणूस दुसऱ्याची चिठ्ठी कशी जपायची ते जाणतो.

सर गेले त्या वर्षी त्यांची लोखंडी ट्रंक उघडायचं काम आम्हा तिघांकडे आलं. पहिल्या वर्षापासूनची पावतीपुस्तकं सुतळीनं बांधलेली होती. किर्दी होत्या. शिबिरांच्या नोंदवह्या होत्या, त्यांत ओळीनं नावं आणि गावं : शंकर, अकोले. मेहरुन्निसा, मालेगाव. सुनंदा, वाई. आडनाव एकही नाही. इतक्या वर्षांत शेकडो आयांनी त्यांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या असतील, दम्याच्या, मिरगीच्या, अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांच्या. आम्ही ट्रंक तळापर्यंत रिकामी केली. चिठ्ठी एकही निघाली नाही.

येत्या दिवाळीच्या शिबिराचा अर्ज कार्यकारिणीनं गेल्या आठवड्यात नव्यानं मंजूर केला. त्यात सहा रकाने आहेत आणि आडनावाचा नाही. आरोग्याची माहिती वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात येईल, ती दोघांकडे राहील, आणि शेवटच्या दिवशी गाडीत चढताना प्रत्येकाला त्याचं पाकीट परत मिळेल. ते परत देण्याचं काम मी मागून घेतलं आहे.